कमी ऑक्सिजन, हृदयस्नायू आणि दारुहळदीतले बर्बेरीन: संरक्षण नेमके कशापासून?

वारणाकाठ

नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑक्सिजन कमी पडलेल्या हृदयस्नायूवर वनस्पतींतील अल्कलॉइडांचा (नायट्रोजन असलेल्या रेणूंचा) काय परिणाम होतो, हा विषय प्रबंधासाठी घ्यायचे मार्गदर्शकांशी बोलून जवळजवळ ठरले आहे. गेले दोन महिने वाचन चालू आहे आणि जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे, म्हणून येथे विचारत आहे.

पहिली अडचण अशी की जो शोधनिबंध उघडावा त्यात अल्कलॉइडाने हृदयपेशी वाचवल्याचेच लिहिलेले असते. दारुहळदीतले बर्बेरीन वाचवते, चिनी वेलीतले टेट्रँड्रीन वाचवते, अफूतले पॅपाव्हरीनही काही प्रमाणात वाचवते. दुसरीकडे बचनागातले ॲकोनिटीन हेही अल्कलॉइडच आहे, आणि ते तर धडधाकट हृदयाचा ठोकाही काही वेळातच बिघडवते. एकाच रासायनिक कुळातल्या रेणूंचे वागणे इतके परस्परविरुद्ध कसे असते?

दुसरी शंका बर्बेरीनविषयी आहे. हा रेणू मायटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतील, श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाला (प्रथिनांच्या जुडग्याला) अडवतो, असे २००८ पासूनचे अनेक प्रयोग दाखवतात. पेशीला ऑक्सिजन आधीच अपुरा असताना, त्या ऑक्सिजनचा वापर करणारी यंत्रणाच अडवली तर पेशी वाचेल कशी? माझ्या दृष्टीने ते मरणाऱ्याचा गळा आवळण्यासारखे आहे. तरीही प्रयोगात पेशी वाचलेल्या दिसतात.

तिसरी गोष्ट घरची आहे. माझ्या मामांची आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. ते ठोका मंदावणारे मेटोप्रोलॉल, कोलेस्टेरॉल कमी करणारे ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेतात. साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी कोणीतरी सुचवल्यावरून त्यांनी ऑनलाइन बर्बेरीनच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मागवल्या आणि ते रोज दोन घेतात. डब्यावर "हृदयाला बळ" असे छापले आहे. मी औषधशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे ते मलाच विचारतात, आणि मला खात्रीने काही सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना फळा

मी तीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवले. तुमच्या पहिल्या दोन शंका एकाच मुळातून आल्या आहेत असे मला वाटते. "हृदयाला बळ" हे शब्द बाजूला ठेवल्याशिवाय ते मूळ दिसायचे नाही, म्हणून अल्कलॉइडांकडे वळण्याआधी हृदयस्नायूची स्थिती पाहू.

माणसाचे हृदय साधारण ३०० ग्रॅमचे, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऑक्सिजनपैकी जवळपास दहावा हिस्सा ते एकटे वापरते. हाता-पायांचे स्नायू विश्रांतीत त्यांच्याकडे आलेल्या रक्तातला चतुर्थांश ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला परत पाठवतात, त्यामुळे गरज वाढली तर आणखी काढून घ्यायला वाव असतो. हृदयस्नायू विश्रांतीतच सत्तर ते पंचाहत्तर टक्के ऑक्सिजन काढून घेतो. त्याच्याकडे शिल्लक अशी जवळजवळ नसतेच, म्हणून गरज वाढली की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांतून अधिक रक्त येणे हाच एक मार्ग उरतो. एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, साठाही काही ठोक्यांपुरताच असतो. ते सतत तयार होत राहिले तरच काम चालते.

आता एखादी कोरोनरी धमनी बंद झाली असे समजा. त्या भागातला स्नायू एका मिनिटाच्या आत आकुंचन पावायचा थांबतो, पण तो तेव्हा मेलेला नसतो. फॉस्फेट आणि आम्ल साचल्यामुळे आकुंचन थांबते, आणि ते थांबल्यामुळेच उरलेली ऊर्जा थोडा वेळ पुरते. कुत्र्यांवरील प्रयोगांत जेनिंग्ज आणि रायमर यांनी दाखवले की पंधरा मिनिटांनी रक्त परत आले तर स्नायू वाचतो. चाळीस मिनिटांनी आतल्या थरातल्या पेशी मरू लागतात. आणि तासागणिक ही मृत्यूची लाट आतून बाहेर सरकत जाते.

त्या वेळात पेशीच्या आत काय घडते, हे तुमच्या प्रश्नाचे मर्म आहे. आम्ल वाढले की पेशी ते बाहेर टाकून बदल्यात सोडियम आत घेते. सोडियम बाहेर काढणाऱ्या पंपाला एटीपी लागते आणि ते तर संपत आलेले असते, म्हणून सोडियम साचत जातो. मग सोडियम आणि कॅल्शियमची अदलाबदल करणारी यंत्रणा उलटी फिरते आणि कॅल्शियम आत शिरतो. जास्तीच्या कॅल्शियमने स्नायू आखडतो, ठोका अनियमित होतो आणि मायटोकाँड्रिया फुगतात. रक्त अचानक परत आले की पहिल्या काही मिनिटांत हा गोंधळ कळसाला पोहोचतो, आणि मायटोकाँड्रियाच्या आवरणात एक मोठे छिद्र उघडते. ते उघडले की पेशी वाचत नाही.

आता तुमची अल्कलॉइडे या साखळीवर बसवून पाहा. ॲकोनिटीन सोडियमचा दरवाजा बंद होऊ देत नाही, म्हणजे साखळीची पहिली कडीच ते जोराने ओढते. निरोगी हृदयातही त्यामुळे सोडियम आणि मागोमाग कॅल्शियम साचतो, मग ऑक्सिजन कमी असलेल्या हृदयाची काय गत होईल! टेट्रँड्रीन कॅल्शियमचा दरवाजा अंशतः बंद करते. सिंकोनाच्या सालीतले क्विनिडीन आणि सर्पगंधेतले अजमलीन सोडियमचा दरवाजा अडवतात. (हे अजमलीन सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांचे नाव त्याला दिले, आपल्याकडच्या या कामाची आठवण विद्यार्थ्यांना क्वचितच करून दिली जाते.) सर्पगंधेतलेच रेसर्पीन तर हृदयपेशीच्या कोणत्याच दरवाजावर बसत नाही. ते मज्जातंतूंच्या टोकांतला, ठोका वाढवणाऱ्या नॉरॲड्रिनॅलिनचा साठा रिकामा करते, त्यामुळे हृदयाला मागून बसणारा चाबूकच नाहीसा होतो. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग "ब्रिटिश हार्ट जर्नल"मध्ये मांडला, त्यामागे हेच तत्त्व होते, जरी रेसर्पीन हा रेणू हाती आला तो १९५२ मध्ये.

तात्पर्य, अल्कलॉइड हे रासायनिक कुळाचे नाव आहे, कामाचे नव्हे. नायट्रोजन असलेला, बहुधा आम्लारिधर्मी, वनस्पतीने घडवलेला रेणू एवढेच ते नाव सांगते. ऑक्सिजन कमी असताना जो रेणू हृदयाचे काम कमी करतो किंवा सोडियम आणि कॅल्शियमचा लोंढा थोपवतो तो तारतो. जो काम वाढवतो किंवा लोंढ्याला वाट देतो तो मारतो. कमी ऑक्सिजनमधल्या हृदयाला "बळ" देणे म्हणजे दुष्काळात पाळीच्या पाळ्या पाणी मागणारे पीक लावणे आहे.

एक भेद मात्र प्रबंधात ठळकपणे मांडा. रक्त वाहते आहे पण त्यात ऑक्सिजन कमी आहे, ही एक स्थिती. आणि रक्तच थांबले आहे, ही दुसरी. पहिलीत आम्ल धुऊन जात असते, दुसरीत ते साचते. गिर्यारोहकाचे हृदय पहिल्या स्थितीत असते आणि ते आश्चर्य वाटावे इतके टिकते: १९८५ मध्ये कमी दाबाच्या कक्षात एव्हरेस्टची चढाई घडवून पाहिली, तेव्हा शिखराइतक्या विरळ हवेतही निरोगी स्वयंसेवकांच्या हृदयाची आकुंचनक्षमता शाबूत राहिली होती. तुमच्या मामांच्या हृदयाचा प्रश्न दुसऱ्या स्थितीचा आहे.

क्रेब्ज द्रावण

जुना फळा सरांनी पाया घातलाच आहे. मी औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि उंदराच्या सुट्या हृदयावरचे प्रयोग अनेक वर्षे केले आहेत, म्हणून तुमच्या दुसऱ्या शंकेविषयी आणि शोधनिबंध कसे वाचावेत याविषयी लिहिते.

आधी पहिल्या संकुलाचे पाहू. रक्त पूर्ण थांबलेले असताना श्वसनसाखळी तशीही बंदच असते. ती अडवली काय आणि न अडवली काय, फारसा फरक पडत नाही. मात्र त्या काळात पेशीत सक्सिनेट हा पदार्थ साचत जातो. ऑक्सिजन परत आला की हे सक्सिनेट धडाधड जळते आणि इलेक्ट्रॉनांचा प्रवाह पहिल्या संकुलातून उलट दिशेने रेटला जातो, आणि त्या उलट्या प्रवाहातून पेशी जाळणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात. २०१४ मध्ये चौचानी, मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे "नेचर"मध्ये दाखवले. त्या पाच-दहा मिनिटांत पहिले संकुल अर्धवट आणि तात्पुरते अडलेले असेल तर हानी कमी होते. म्हणजे गळा आवळण्याची तुमची उपमा चुकीची नाही, फक्त वेळ वेगळी आहे. याउलट रक्त वाहते आहे, ऑक्सिजन थोडा आहे आणि पेशी त्या थोड्यावरच तग धरून आहे, अशा स्थितीत पहिले संकुल अडवले तर तुमची भीती खरी ठरेल. म्हणून "कमी ऑक्सिजनमध्ये बर्बेरीन दिले" एवढ्या वाक्याला अर्थ नाही. किती कमी, किती वेळ, आणि औषध आधी, दरम्यान की नंतर, हे तिन्ही सांगितल्याशिवाय तो प्रयोग कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हेच कळत नाही.

बर्बेरीन देऊन पेशीतले एएमपी-किनेझ (ऊर्जा कमी पडल्याचे ओळखणारे एन्झाइम) जागे होते आणि म्हणून पेशी वाचते, असेही तुम्ही वाचले असेल. ते शक्य आहे. पण ऊर्जा संपू लागली की हे किनेझ कोणत्याही औषधाशिवाय आपोआप जागे होतेच. तेव्हा आधीच जागे असलेल्याला आणखी जागे करून काय साधले, हे दाखवणाऱ्या प्रयोगात किनेझ अडवणारा गट असायला हवा. तो नसेल तर त्या निष्कर्षाला मी कच्चाच म्हणते.

आता मात्रेचा हिशेब. ताटलीतल्या पेशींवर बर्बेरीन सहसा १० ते १०० मायक्रोमोलर या तीव्रतेने घातले जाते. माणसाने ४०० मिलिग्रॅम बर्बेरीन तोंडाने घेतल्यावर रक्तात त्याची कमाल पातळी मिलिलिटरला सुमारे ०.४ नॅनोग्रॅम भरते, कारण आतड्यातून ते एक टक्काही शोषले जात नाही. बर्बेरीनचा रेणुभार ३३६ आहे, म्हणून १० मायक्रोमोलर म्हणजे मिलिलिटरला ३,३६० नॅनोग्रॅम. भागाकार केला तर ताटलीतली पेशी रक्तातल्यापेक्षा आठ हजार पटींहून अधिक तीव्र द्रावणात बसलेली असते. हा भागाकार प्रत्येक शोधनिबंधासाठी वहीच्या समासात करत जा. ज्यांनी तो स्वतःच केला आहे असे लेखक थोडे सापडतील, पण जे सापडतील त्यांचे काम दोनदा वाचावे असे असते.

मग एवढ्या कमी पातळीला साखर आणि कोलेस्टेरॉलवर परिणाम कसा होतो, असे तुम्ही विचाराल. आतड्यात आणि यकृतात बर्बेरीन रक्तापेक्षा कितीतरी जास्त साचते. यकृतपेशींवरचे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पकडणारे ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून धरणारी प्रथिने, त्यामुळे वाढतात, हे २००४ मध्ये दाखवले गेले. यकृतावर परिणाम होतो म्हणून हृदयस्नायूवरही होतो, असे मात्र नाही.

शेवटी एक अनुभव, कारण तो वाचून कळत नाही. उंदराचे हृदय काढून महाधमनीत नळी बसवतो, ३७ अंश सेल्सिअसचे क्षारद्रावण वरून सोडतो, आणि डाव्या जवनिकेत पाण्याने भरलेला एक इवलासा फुगा ठेवून दाब मोजतो. लँगेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये आखलेली ही पद्धत आजही तशीच आहे. द्रावणातून ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन सोडला की पडद्यावरची उंच शिखरे काही क्षणांत बुटकी होऊ लागतात. दाबाची वरची रेषा खाली येते, हे सगळेच पाहतात. खरी नजर खालच्या रेषेवर ठेवायची असते. काही वेळाने ती हळूहळू वर चढू लागते, म्हणजे स्नायूला सैल पडता येत नाही; तो मुठीसारखा आवळत चालला आहे. जे अल्कलॉइड ही खालची रेषा चढू देत नाही त्याने काही तरी केले असे मी म्हणते. वरची रेषा थोडी उंच ठेवणाऱ्या औषधावर मी भाळत नाही, कारण त्याची किंमत खालच्या रेषेत दहा मिनिटांनी मोजावी लागते.

वारणाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. खालच्या रेषेकडे मी कधी लक्षच दिले नव्हते. आता जुने आलेख पुन्हा काढून बसले आहे. एक उपप्रश्न आहे. चहा-कॉफीतले कॅफीन आणि थिओफिलीन हीही अल्कलॉइडेच ना? ऑक्सिजन कमी पडलेल्या हृदयावर त्यांचे काय? मामा दिवसाला पाच-सहा कप चहा घेतात.

क्रेब्ज द्रावण

हो, आणि हे उदाहरण तर वर्गात पहिल्यांदा सांगावे असे आहे. ऑक्सिजन कमी पडला की हृदयपेशीतले एटीपी तुटत तुटत ॲडिनोसीनपर्यंत येते आणि पेशीबाहेर पडते. ते कोरोनरी धमन्या रुंदावते आणि ठोका मंदावते. म्हणजे पेशी स्वतःच अधिक रक्त मागवते आणि काम कमी करते. रॉबर्ट बर्न यांनी १९६३ मध्ये ही कल्पना मांडली. कॅफीन आणि थिओफिलीन नेमके ॲडिनोसीनचे ग्राही अडवतात. सुट्या हृदयात नायट्रोजन सोडल्यावर कोरोनरी प्रवाह वाढतो, आणि थिओफिलीन आधी दिले असेल तर तो काही अंशी कमीच वाढतो, हे मी स्वतः मोजले आहे.

दुसरे असे की १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्याच्या हृदयाचा रक्तपुरवठा पाच-पाच मिनिटे चार वेळा थांबवला आणि मग सलग चाळीस मिनिटे. अशी पूर्वतयारी मिळालेल्या हृदयांत मेलेला भाग इतरांच्या जेमतेम चतुर्थांश निघाला. या पूर्वतयारीतही ॲडिनोसीनचा मोठा वाटा असतो, आणि त्याचे ग्राही अडवले तर ससा आणि इतर प्राण्यांत हे संरक्षण नाहीसे होते. ॲडिनोसीन देऊन केल्या जाणाऱ्या हृदयाच्या ताणचाचणीआधी बारा ते चोवीस तास चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात, त्याचे कारणही हेच ग्राही. रोजच्या चहाने मामांचे नुकसान होते असा अर्थ यातून काढू नका; रोज घेणाऱ्याचे शरीर त्याला बरेचसे सरावते.

रसांजन

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे आणि बर्बेरीनची चर्चा दारुहळदीशिवाय अपुरी राहील, म्हणून थोडे लिहितो.

दारुहळदीच्या मुळांचा काढा आटवून केलेले रसांजन आम्ही डोळ्यांचे विकार, अतिसार, व्रण यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतो. हृदयासाठी आमचे पहिले द्रव्य अर्जुनाची साल. अर्जुनातली महत्त्वाची द्रव्ये ट्रायटर्पीन, ग्लायकोसाइड आणि टॅनिन वर्गातली आहेत, अल्कलॉइडे नव्हेत. तसेच कण्हेरीचे विषही अल्कलॉइड नाही, ते ग्लायकोसाइड आहे आणि सोडियमच्या पंपालाच अडवते. विद्यार्थिनीने प्रबंधात यांची सरमिसळ करू नये, कारण छापील पुस्तकांतही ती आढळते.

बचनागाबाबत मला कळकळीने सांगायचे आहे. त्रिभुवनकीर्तीसारख्या आपल्या घरोघरी माहीत असलेल्या कल्पात वत्सनाभ, म्हणजे बचनागच, असतो. तो शोधन करूनच वापरायचा असतो: गोमूत्रात भिजवणे, दुधात उकळणे. ॲकोनिटीनच्या रेणूवरचे एस्टर बंध दीर्घकाळ उकळण्याने तुटतात आणि त्यापासून बेंझॉइलॲकोनीन व ॲकोनीन ही कितीतरी सौम्य द्रव्ये उरतात, असे रसायनशास्त्र सांगते. शोधन अर्धवट राहिले तर काही मिलिग्रॅम ॲकोनिटीनही जीव घेऊ शकते. औषधनियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत वत्सनाभ आहे आणि तो असलेली औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत असे वेष्टनावर छापावे लागते. ज्याच्या हृदयाच्या धमन्या अरुंद आहेत अशा रुग्णाला मी वत्सनाभयुक्त कल्प देत नाही. जुना फळा सरांनी सांगितलेली साखळी वाचून त्याचे आधुनिक कारणही समजले.

आणि वनस्पतीची ओळख. बाजारात दारुहळद म्हणून हिमालयातली बर्बेरिस येते आणि दक्षिणेकडची झाडाची हळदही येते. दोन्हींत बर्बेरीन असते म्हणून येथे फारसे बिघडत नाही. पण टेट्रँड्रीन ज्या चिनी वेलीत असते तिच्या जागी बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात ॲरिस्टोलोकिया कुळातली वेल गेली, आणि १९९३ मध्ये उघडकीस आले की अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आहेत. दोन्ही वेलींची चिनी नावे सारखी होती, एवढेच कारण. तुमच्या प्रयोगात भुकटी वापरणार असाल तर तिची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पटवून घ्या आणि नमुना जपून ठेवा.

डावी जवनिका

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. वरची चर्चा प्रयोगशाळेची झाली. मी रुग्णांच्या बाजूने लिहितो, आणि मामांच्या कॅप्सूलवर येतो.

बर्बेरीन माणसांच्या हृदयविकारात दिले गेले आहे. चीनमध्ये १५६ हृदयदौर्बल्याच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज १.२ ते २ ग्रॅम बर्बेरीन घेणाऱ्यांची चालण्याची क्षमता आणि हृदयाची उपसा करण्याची ताकद सुधारली; पुढील काळात त्या गटात ७ मृत्यू झाले, तर दुसऱ्या गटात १३. हे आकडे आशादायक आहेत, पण लहान आहेत. त्याआधी १९८८ मध्ये ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी बर्बेरीन शिरेतून दिले होते. हृदयाची उपसा वाढली खरी, पण बारापैकी चार रुग्णांच्या जवनिकेत जीवघेणी जलद लय सुरू झाली. म्हणजे रक्तातली पातळी खरोखर वाढवली की तोच रेणू पोटॅशियमचे दरवाजे अडवतो आणि ठोक्यांमधला विद्युत विसावा लांबवतो. तोंडाने घेतल्यावर ते फारसे शोषले जात नाही, हीच एका अर्थाने रुग्णाची ढाल आहे.

सोडियमचा दरवाजा अडवणाऱ्या औषधांचा धडा आमच्या पिढीने फार मोठी किंमत देऊन घेतला. झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे चुकार ठोके एनकेनाइड आणि फ्लेकेनाइडने छान दबत होते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,४९८ रुग्णांपैकी औषध घेणारे ६३ दगावले, आणि साखरेची गोळी घेणारे २६. ही औषधे वनस्पतिज नाहीत, पण क्विनिडीन आणि अजमलीन ज्या दरवाजावर काम करतात त्याच दरवाजावरची आहेत. आलेख सुंदर झाला म्हणून माणूस वाचतोच असे नाही, हे मी त्या चाचणीपासून कधी विसरलो नाही. मायटोकाँड्रियातले छिद्र बंद ठेवणाऱ्या सायक्लोस्पोरिनचेही तसेच झाले: प्राण्यांत उत्तम, पण २०१५ मध्ये ९७० रुग्णांत काहीच फायदा नाही.

अल्कलॉइडांपैकी आज झटक्यानंतर सर्वांत काटेकोर पारखले गेलेले म्हणजे कोल्चिसीन, आपल्या कळलावीच्या कंदातही जे असते ते. ते ऑक्सिजनच्या कमतरतेवर नव्हे, नंतरच्या दाहावर काम करते. २०१९ च्या चाचणीत ४,७४५ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम दिले; त्यांच्यात पुढील हृदयघटना ५.५ टक्के झाल्या, तर साखरेची गोळी घेणाऱ्यांत ७.१ टक्के. २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांत मात्र फायदा दिसला नाही. कळलावीचा कंद कोणी उगाळून घेऊ नये, तो प्राणघातक आहे.

आता मामा. सुदृढ स्वयंसेवकांना ३०० मिलिग्रॅम बर्बेरीन दिवसातून तीनदा दोन आठवडे दिल्यावर यकृतातले औषधे मोडणारे तीन एन्झाइम मंदावले. त्यांतले एक मेटोप्रोलॉल मोडते आणि दुसरे ॲटोर्व्हास्टॅटिन. म्हणजे मामांनी गोळ्या न वाढवताही त्यांच्या रक्तात त्या वाढलेल्या असू शकतात. त्यांची नाडी पन्नाशीच्या खाली जाते का, उठताना अंधारी येते का, मांड्या-पोटऱ्या दुखतात का, हे आज विचारा. कॅप्सूलचा डबा घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, झाकपाक न करता दाखवा आणि ईसीजी काढून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली एकही गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू देऊ नका. विशेषतः स्टेंट बसल्यावर पहिल्या वर्षात रक्त पातळ ठेवणारी गोळी थांबणे बर्बेरीनपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

वारणाकाठ

मामांना काल घेऊन गेले. नाडी ४८ होती. सकाळी उठताना भोवळ येते हे त्यांनी आम्हाला सांगितलेच नव्हते. वयामुळे असेल म्हणून गप्प राहिले होते. डॉक्टरांनी बर्बेरीन थांबवले, बाकीच्या गोळ्या होत्या तशाच ठेवल्या आणि दोन आठवड्यांनी बोलावले आहे. डावी जवनिका यांनी नेमके प्रश्न लिहून दिले नसते तर मी भोवळीचे विचारलेच नसते.

प्रबंधाचा आराखडाही बदलला आहे. आधी सगळ्या हृदयांना औषध सुरुवातीपासून द्यायचे ठरले होते. आता रक्तप्रवाह थांबवण्याआधी औषध, प्रवाह परत सोडताना औषध, आणि प्रवाह चालू ठेवून फक्त ऑक्सिजन कमी केलेल्या हृदयांना औषध, असे वेगळे गट असतील. तीव्रता नॅनोमोलरपासून चढवत नेणार आहे. प्राणी-नैतिकता समितीकडे अर्ज पुढील आठवड्यात जाईल.

क्रेब्ज द्रावण

गट योग्य आहेत. अर्जात एक जोडा: द्रावण ठरावीक दाबाने सोडणार की पंपाने ठरावीक प्रवाहाने, हे आधीच लिहा. ठरावीक दाब ठेवला तरच ॲडिनोसीनमुळे वाढणारा कोरोनरी प्रवाह दिसेल. फुगा सुरुवातीला पाच ते दहा मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबावर भरा आणि नंतर प्रयोग संपेपर्यंत त्याला हात लावू नका, नाहीतर खालची रेषा कोणी चढवली, स्नायूने की तुम्ही, हे सांगता येणार नाही. शेवटी हृदयाचे काप टेट्राझोलियम या रंगद्रव्यात बुडवाल तेव्हा जिवंत भाग विटकरी लाल होतो आणि मेलेला फिकट राहतो. ते मोजायला अशी व्यक्ती बसवा जिला कोणता काप कोणत्या गटातला हे माहीत नसेल.